या फोटोत नवरा कुठे आहे?

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये मोबाईल आत नेता येत नाही. नियम सुरक्षेसाठी आहे, पण त्यामुळे ज्यांचं सगळं लग्न मोबाईलमध्येच आहे त्यांना आदल्या दिवशी फोटो स्टुडिओ शोधत फिरावं लागतं. साखरपुड्याची रील आहे, हळदीचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ आहे, क्लाउडवर हजारभर फोटो आहेत आणि खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यापुढे ठेवायला कागदावर छापलेला एकही नाही. दादरचा एक स्टुडिओवाला मला म्हणाला, "ताई, आता प्रिंट मागायला दोनच गिऱ्हाइकं येतात. घरात कोणी गेलं असेल तर, नाहीतर व्हिसावाले."

मी या भानगडीत पडले ती भाचीमुळे. लग्न पुण्यात, रीतसर ठरवून. मुलगा न्यू जर्सीचा, अमेरिकेचा नागरिक. रजा तीन आठवड्यांची. त्यातच हळद, लग्न, पूजा, देवदर्शन, दोन्हीकडची जेवणं उरकून तो परत गेला. पुढे त्याने तिच्यासाठी आय-१३० नावाचा अर्ज भरला आणि पुराव्यांची जुळवाजुळव सुरू झाली. कागदपत्रांचं काम त्याच्या वकिलाने वाटून दिलं. फोटो निवडायचं काम मात्र आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर आलं, कारण फोटोत कोण कोण आहे हे आम्हालाच माहीत होतं.

लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून काय चालतं, याची यादी अमेरिकी नियमांत आहे. दोघांच्या नावावरची मालमत्ता. दोघांच्या नावाचा भाडेकरार. एकत्र केलेले पैशांचे व्यवहार. मुलांचे जन्मदाखले. ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रं. आणि शेवटी, 'इतर कोणतीही कागदपत्रं'. एका छपराखाली संसार थाटून बसलेल्या जोडप्यासाठी ही यादी सरळ आहे. आमच्याकडे काय होतं? मालमत्ता नाही. भाडेकरार त्याच्या एकट्याचा, कारण ती तिथे अजून राहिलेलीच नाही. तिथल्या बँक खात्यात तिचं नाव घालायचं तर तिच्याकडे तिथला सोशल सिक्युरिटी नंबर नाही. मूल होणार कुठून? यादीतल्या एकेका ओळीवर काट मारत गेलं की उरते ती फक्त शेवटची ओळ. नवं लग्न आणि मध्ये समुद्र, अशा प्रत्येक जोडप्याचा सगळा भार त्या 'इतर'वर येतो. विमानाची तिकिटं, रोजच्या कॉलच्या नोंदी, चॅट आणि फोटो. ज्या फोटोचं नाव त्या यादीत कुठेच नाही, त्याच्यावर आपल्याकडच्या किती मुलींचे संसार अडकलेले असतात!

एच-१बीवर गेलेल्या नवऱ्यामागे एच-४वर जाणाऱ्या मुलींचं प्रकरण यापेक्षा हलकं असतं. पण लग्नाचं प्रमाणपत्र, पत्रिका आणि फोटो त्यांच्याही फायलीत असतात. कॅनडाने जोडीदाराच्या अर्जासाठी वीस फोटोंची कमाल मर्यादा घातली आहे. ऑस्ट्रेलिया नातं चार अंगांनी तपासतं: पैसा, घर, समाज आणि बांधिलकी. ब्रिटनमध्ये बहुतेक अर्जांचा निकाल कागदावरच लागतो. मुलाखत क्वचित होते आणि तुमचा फोटो तुमच्या गैरहजेरीतच बोलतो. तिथे फोटोंपेक्षा पगाराचीच चिंता मोठी. एप्रिल २०२४पासून उत्पन्नाची किमान अट वर्षाला १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर गेली. ते दुखणं वेगळं.

तर फोटो. लग्नाचा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि पहिल्या तासातच आम्ही सगळे गोंधळलो. फोटो भरपूर, पण काय फोटो! भाचीच्या हातावरची मेंदी, नुसते हात. मुंडावळ्या, नुसत्या मुंडावळ्या. तांदळाचं ताट. रुखवतातला केशरी पेढ्यांचा डोंगर. कॅन्डिडच्या नावाखाली तिसरीकडेच बघून हसणारी करवली. प्री-वेडिंगमध्ये दोघं आहेत, पण तिच्या अंगावर भाड्याचा लांबलचक गाऊन, मागे धूर आणि चेहरे अर्ध्या अंधारात. फोटोग्राफर गुणी होता. लग्न कसं दिसलं ते त्याने टिपलं होतं. लग्न कुणाचं लागलं हे दाखवणारे फोटो शोधावे लागले. अधिकाऱ्याला लागतं ते साधंच. दोघांचे चेहरे ओळखू यावेत. सोबत दोन्हीकडची माणसं असावीत. आणि हे सगळं एकाच दिवसाचं नसावं.

या तिसऱ्या गोष्टीलाच बहुतेक घरं अडखळतात. एका दिवसाचे शंभर फोटो एकच गोष्ट सांगतात: त्या दिवशी मांडव होता. साखरपुडा, लग्न, मग जेजुरी, विमानतळ, सहा महिन्यांनी तो परत आला तेव्हाचं चुलतभावाच्या मुलीचं बारसं, असे वेगवेगळ्या वेळचे पाच फोटो जास्त सांगतात. कपडे बदलतात, केस वाढतात, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर बदलतं. खोटं लग्न लावणाऱ्यांना नेमकं हेच जमत नाही. पीटर वेअरच्या १९९०च्या 'ग्रीन कार्ड' चित्रपटात कागदोपत्री नवरा-बायको झालेलं जोडपं गच्चीवर एका बैठकीत वेगवेगळे कपडे चढवून वेगवेगळ्या सहलींचे फोटो काढतं. आपल्याकडचे काही एजंटही हाच उद्योग करतात. मुलीला तीन साड्या आणायला सांगतात.

तपासणी असू नये असं माझं म्हणणं नाही. कागदी लग्नं होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेने १९८६ साली त्यासाठी वेगळा कायदाच केला. तेव्हापासून, देशात पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच मिळतं. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत आय-७५१ नावाचा अर्ज दोघांनी मिळून करायचा आणि संसार अजून चालू आहे हे पुन्हा दाखवायचं. म्हणजे व्हिसा मिळाला म्हणून अल्बम माळ्यावर टाकता येत नाही. आणि खोट्या लग्नाचा ठपका एकदा बसला की पुढे खरंखुरं लग्न केलं तरी तो आडवा येतो.

माझी तक्रार वेगळी आहे. लग्न कसं दिसायला हवं, हे तपासणाऱ्याच्या डोक्यात आधीच ठरलेलं असतं. २०१५मध्ये कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची एक प्रशिक्षण-टिपणी माहितीच्या कायद्याखाली बाहेर आली आणि तिथल्या वृत्तपत्रांत गाजली. सोयीचं लग्न कसं ओळखावं, याच्या खुणा तिच्यात दिल्या होत्या. छोटा समारंभ, तोही रेस्टॉरंटमध्ये. मधुचंद्र नाही. हिऱ्याची अंगठी नाही. जोडप्याचे एकत्र फोटो थोडे. आणि फोटोत दोघं एकमेकांच्या ओठांचं चुंबन घेताना दिसत नाहीत.

ही शेवटची खूण मी आमच्या टेबलावर वाचून दाखवली तेव्हा माझ्या बहिणीने, म्हणजे मुलीच्या आईने, कपाळावर हात मारला. या कसोटीला आमच्या सात पिढ्यांतलं एकही लग्न उतरणार नाही. आमच्या अल्बममध्ये वधूवर एकमेकांना दिसू नयेत म्हणून मध्ये अंतरपाट धरलेला, आणि तो दूर झाला की दोघांच्याही माना खाली. भाऊ नवऱ्याचा कान पिळतोय, सासू सूनमुख बघतेय, नवरी माप ओलांडतेय. विधी तासन्‌तास चालतात आणि त्यातले निम्मे भलत्याच दोघांमध्ये होतात. मधुचंद्र? रजेतला तो आठवडा कुलदैवताला गेला.

पण कुलदैवतानेच आम्हाला तारलं. जेजुरीला नव्या नवरदेवाने बायकोला उचलून पायऱ्या चढायची रीत आहे. निदान पाच तरी. आमच्या जावईबापूंचा व्यायामाशी संबंध बेताचा. फोटोत त्यांचा चेहरा लाल, भाचीच्या केसांत भंडारा, ती पोट धरून हसतेय, बाजूला त्यांचे वडील दोन्ही हात पुढे करून उभे, पडलाच तर झेलायला. मोबाईलवर काढलेला, किंचित वाकडा. पेनड्राइव्हवरचे सगळे फोटो एकीकडे आणि हा एक दुसरीकडे. पोज म्हणून हे कुणाला करून दाखवता येणार नाही.

मग सणांकडे वळलो. नव्या नवरीचं पहिलं वर्ष आपल्याकडे सणावारांनी भरलेलं असतं: मंगळागौर, दिवाळसण, संक्रांतीची काळी साडी आणि हलव्याचे दागिने. काळाचा पुरावा हवा तर याहून चांगला क्रम कुठला? पण अडचण अशी की त्या सगळ्या फोटोंत नवराच नाही. मंगळागौरीत तर नसतोच. त्या रात्री घर बायकांचं असतं. भाचीने झिम्मा खेळतानाचा तिचा आवडता फोटो पुढे सरकवला, तेव्हा तिच्या मामाने चष्मा वर करून विचारलं, "छान आहे. या फोटोत नवरा कुठे आहे?" ती म्हणाली, "मामा, तो ऑफिसमध्ये होता. माझे सगळे सण त्याच्या ऑफिसच्या वेळातच येतात."

तरीही मंगळागौरीचा एक फोटो आम्ही ठेवला, आणि त्यात नवरा नसूनही तो योग्य होता असं माझं मत आहे. तो सासरच्या घरात काढलेला होता. सासू, आजेसासू, जावा आणि मध्ये ही. नवरा परदेशी असताना मुलगी सासरी नांदतेय, घर तिला आपली मानतंय, हे दिसत होतं. दुसरा फोटो दिवाळी पाडव्याचा. तिने मोबाईल पाटावर तांब्याला टेकवून ठेवलाय, पडद्यावर तो, तिकडे अजून उजाडायचंय, अंगात झोपेचा टी-शर्ट. आणि ही निरांजन घेऊन मोबाईलला ओवाळतेय. सासूबाईंनी सहज काढलेला. ओवाळणी नंतर तिच्या भारतातल्या खात्यात आली. तिची नोंदही आम्ही त्या फोटोमागे जोडली. वकिलाला ते फार आवडलं. पैशांचे व्यवहार, सामाजिक मान्यता आणि सहवास एकाच पानावर. त्याला पाडवा समजावून सांगायला मात्र भाचीच्या नवऱ्याला अर्धा तास लागला.

नुसत्या फोटोने भागत नाही, त्याखालची ओळही लागते. परक्या माणसाला फेटे बांधलेली सगळी मंडळी सारखीच दिसतात. कोण, कुठे, कधी, आणि अर्जदाराशी नातं काय, एवढं प्रत्येक फोटोखाली लिहावं. इथे व्हॉट्सॲपने आमचा घात केला. मोबाईलने काढलेल्या मूळ फोटोत तारीख-वेळ आतमध्ये साठवलेली असते. फॅमिली ग्रुपवरून फिरून आलेल्या फोटोतून ती पुसली जाते. आमच्याकडचे चांगले फोटो सगळे काकांनी, आत्यांनी ग्रुपवर टाकलेले. त्यांना फोन करकरून मूळ फोटो मागवावे लागले, तोवर निम्म्यांनी 'जागा होत नाही' म्हणून ते उडवलेले. हल्ली मोबाईल मागची गर्दीही बोटाने पुसून देतो. असा साफसूफ केलेला फोटो फायलीत लावू नये. ज्या चुलतसासऱ्यांना फोटोतून पुसायचा मोह होतो, तेच तुमचे साक्षीदार असतात.

तारखांचा आणखी एक गुंता आहे आणि तो आपणच करून ठेवतो. 'आधी रजिस्टर करून घेऊ, व्हिसाचं मार्गी लागेल, विधी डिसेंबरात हॉल मिळाला की,' हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत किती घरांतून ऐकलंय! मग प्रमाणपत्रावर जानेवारी आणि सप्तपदीच्या फोटोवर डिसेंबर. लग्न नेमकं कधी झालं? विशेष विवाह कायद्याने, म्हणजे तीस दिवसांची नोटीस देऊन अधिकाऱ्यासमोर केलेलं लग्न त्याच दिवशी पूर्ण होतं; तिथे प्रश्न येत नाही. पण हिंदू विवाह कायद्याखालची नोंदणी ही झालेल्या लग्नाची नोंद असते, ती लग्न लावत नाही. एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन वैमानिकांच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं. विधी न करता काढलेलं प्रमाणपत्र असूनही न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या पीठाने ते लग्नच झालं नसल्याचं ठरवलं. व्हिसासाठी वेळ वाचावा म्हणून आधी नोंदणी उरकण्याच्या प्रथेवरही त्यांनी नाव घेऊन टीका केली. महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नसावी. १९६५च्या भाऊराव लोखंडे खटल्यात, द्विभार्या विवाहाच्या आरोपाबाबत, आवश्यक विधी सिद्ध झाले नाहीत म्हणून दुसरं लग्न कायद्याने लग्नच ठरलं नव्हतं. तेव्हा होम आणि सप्तपदीचा सरळ, स्वच्छ फोटो ही हौस समजू नका. इकडच्या कोर्टालाही तो लागू शकतो.

ज्यांच्याकडे फोटोच नाहीत त्यांचं काय? एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. त्या लग्नांचे फोटो आज पाहिले तर मास्कमुळे नवरा-नवरीही ओळखू येत नाहीत. घरच्यांच्या विरोधात जाऊन, तीन साक्षीदार मित्र गाठून लग्न केलेल्यांच्या फोटोत आईवडील नसतात, आणि नेमका प्रश्न त्यांचाच येतो. सगळ्यात अवघड स्थिती समलिंगी जोडप्यांची. अमेरिका २०१३पासून त्यांचं लग्न व्हिसासाठी ग्राह्य धरते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये विवाहाचा हक्क मान्य केला नाही. वर्षानुवर्षं ज्यांनी एका चौकटीत येणं जाणूनबुजून टाळलं, कुणी पाहू नये म्हणून फोटो पुसले, त्यांच्याकडे अचानक कुणी एकत्र फोटोंचा क्रम मागितला तर ते कुठून आणणार? अशा वेळी खरं कारण लिहून देणं आणि चॅट, प्रवास, मित्रांची प्रतिज्ञापत्रं यांवर भर देणं, एवढाच मार्ग उरतो. पोकळी भरून काढायला नवे फोटो जुने म्हणून दाखवणं हा मार्ग नव्हे.

फोटो आणि परदेशी लग्न यांचं नातं जुनं आहे. १९०८ ते १९२० या काळात हजारो जपानी मुली हातात एकेक फोटो घेऊन अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरल्या. लग्न जपानमध्येच, नवऱ्याच्या गैरहजेरीत लागलेलं. धक्क्यावर उभ्या पुरुषांच्या गर्दीत फोटोतला माणूस शोधायचा. काहींनी दहा वर्षांपूर्वीचा फोटो पाठवलेला असे. टीका वाढली तेव्हा १९२०मध्ये जपाननेच अशा वधूंना पासपोर्ट देणं थांबवलं. कागद आणि फोटो यांवर विश्वास नसला की तपासणी कुठवर जाते, याचं उदाहरण आपल्या एका बाईने भोगलं. जानेवारी १९७९मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, लग्न करायला आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी केली गेली. तिचं लग्न आधीच झालेलं नाही ना, हे बघायला. 'गार्डियन'ने बातमी छापली, गदारोळ झाला, प्रथा बंद झाली. पुढे जुन्या कागदपत्रांतून उघड झालं की भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही हे चालत होतं. त्यानंतर १९९७पर्यंत ब्रिटनमध्ये नियम होता की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये राहणं हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचं. हेतू नसल्याचा फोटो कसा काढणार? त्या मानाने आजची फोटोंची मागणी सभ्यच म्हणायची.

भाचीची मुलाखत थोडक्यात झाली. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कसे भेटलात, त्याच्या घरी कोण कोण आहे, तो काय काम करतो. फोटोंचा गठ्ठा घेतला, दोन-तीन उलटले, जेजुरीवर थांबून 'हे काय?' म्हणून विचारलं. भाचीने सांगितलं. बाई हसल्या.

या फोटोंना आणखी एक गिऱ्हाईक असतं, ते मात्र लग्नघरात कुणी मनात आणत नाही. लग्न करून, हुंडा घेऊन, 'व्हिसा पाठवतो' म्हणून गेलेला नवरा परत फिरकत नाही, अशा मुली पंजाबात आहेत तशा महाराष्ट्रातही आहेत. २००९पासून राष्ट्रीय महिला आयोगाकडे अनिवासी भारतीयांशी झालेल्या अशा विवाहांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये अनिवासी भारतीयांच्या लग्नाची तीस दिवसांत नोंदणी सक्तीची करणारं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. सोडून दिलेल्या मुलीला पोलीस ठाण्यात आणि कोर्टात पहिल्यांदा सिद्ध करावं लागतं ते हेच, की लग्न झालं होतं. फोटो तेच, साक्षीदार तेच, आता फाईल उलट बाजूने उघडायची. आणि तेव्हा लक्षात येतं की पेनड्राइव्ह नवऱ्याने नेला, अल्बम सासरी राहिला आणि क्लाउडचा पासवर्ड त्याचाच होता.

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतील. तुमच्या घरातली मुलगी परदेशी जाणार असेल तर फोटोग्राफरला आधीच बजावा: प्रत्येक विधीचा एक तरी साधा, उजेडातला, दोघांचे चेहरे दिसणारा फोटो हवा. नमुना 'ई'चं विवाह प्रमाणपत्र महिन्याभरात काढून घ्या. आणि निवडलेल्या फोटोंच्या, प्रमाणपत्राच्या, पत्रिकेच्या दोन प्रती करा. एक व्हिसाच्या फायलीत जाऊ दे. दुसरी मुलीच्या माहेरच्या कपाटात ठेवा, आणि जावई कितीही गुणाचा असला तरी ती तिथून हलवू नका.